सल्लागारांचा दोष

"हरकत असेल तर आत्ताच सांगा," प्रोफेसर हाउबनर म्हणाले. "सोमवारी पुस्तक छापायला जातंय."

त्यांच्या जर्मन विद्यापीठात संशोधन करणाऱ्या मुक्ता देवस्थळीची हरकत होती, आणि साधीसुधी नव्हती. सरांचं पुस्तकातलं एक अख्खं प्रकरण एकाच मुद्द्यावर उभं होतं. मध्ययुगातले इंग्लिश लोक बंड करून उठले तरी राजाला बोल लावत नसत. राजा भला, त्याचे सल्लागार नालायक, असं म्हणत. मग सल्लागारांची मुंडकी उडत आणि राजा गादीवर तसाच बसे. बाकी युरोपात हा प्रकार नव्हता, जर्मन सरदारांनी तर एका राजाला उघड उघड निकामी ठरवून काढून टाकलं, असं सरांचं म्हणणं. पण पुरावा म्हणून त्यांनी दिलेली सल्लागारांविरुद्धची सगळ्यात जोरदार तक्रार इंग्लंडची नव्हतीच. ती स्पेनमधल्या कॅस्टीलची होती. मुक्ताने ती मुळातून वाचली होती. म्हणजे इंग्लंडबाहेरही दोष सल्लागारांनाच देत, आणि सरांचा मुद्दाच कोसळत होता.

सांगायचं कसं? तिचं कंत्राट सप्टेंबरात संपत होतं, त्याबरोबर व्हिसाही, आणि मुदतवाढ सरांच्या हातात. तसं मघाशी एका विद्यार्थिनीने "हे पान साफ चुकलंय" असं बेधडक सुनावलं, तेव्हा सर खूश होऊन "गेनाऊ! अगदी बरोबर!" म्हणाले होते. पण मुक्ता पुण्यात शिकलेली. चारचौघांत सरांची चूक काढायची नाही, सरांना पळवाट काढून द्यायची, हे तिच्या हाडीमांसी मुरलेलं. तिच्या कॉलेजात खापर टायपिस्टवर फुटायचं, आणि त्याचं कधी काही बिघडायचं नाही.

"सर, हा उतारा कॅस्टीलचा आहे," ती अदबीने म्हणाली. "नोंदी उतरवताना कुणाकडून तरी सरमिसळ झाली असेल."

नोंदी उतरवणारा एकच होता, सरांचा सहायक टिल्मान. ती जर्मनीत आली तेव्हा अनमेल्डुंगच्या, म्हणजे सरकारदरबारी पत्ता नोंदवायच्या, रांगेत तिच्यासोबत उभा राहिलेला, तिला खोली शोधून देणारा टिल्मान. त्याचंही कंत्राट वर्षावर्षाचं.

सरांचा चेहरा आधी पडला, मग हळूहळू सैल झाला. "टिल्मान," ते शांतपणे म्हणाले, "मी तुमच्यावर विसंबलो होतो."

"पण तो उतारा मी..."

"पुरे. या उन्हाळ्यानंतर आपण एकत्र काम करायला नको."

मला तसं म्हणायचं नव्हतं, असं मुक्ताला ओरडून सांगायचं होतं. तेवढ्यात सर तिच्याकडे वळले.

"फ्राऊ देवस्थळी, ऑक्टोबरपासून ती जागा तुमची. अशी नजर असलेलं माणूस मला शेजारी हवं."

म्हणजे ती राहणार होती. तिला आधी आनंद झाला, आणि त्या आनंदाची लगेच शरम वाटली. सगळ्यांनी टेबलावर मुठी आपटून टकटक केली. इथे टाळ्या अशाच वाजवतात. टिल्माननेही केली. मग तो तिच्याकडे झुकला. त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ती जास्तच घाबरली.

"माझ्या नोंदी बरोबर होत्या, मुक्ता. प्रकरण त्यांनी स्वतः लिहिलं. पुढचंही ते स्वतःच लिहिणार आहेत, आणि तेव्हा नोंदी तुझ्या असतील."