वर्षभराची पावलं

वर्षाच्या शेवटच्या दिवशी मिरजेच्या कृत्रिम पावलांच्या कारखान्यात कुणी कामाला हात लावायचा नाही, असा रिवाज होता. सकाळीच वैजयंता खुर्चीत रेलून बसली आणि तिने तारांचे मोजे पायांत चढवले. वर्षभरात तिने बनवलेली पावलं जिथे जिथे चालली आणि आत्ताही चालत होती, तिथली जमीन आता तिच्या तळव्यांना लागणार होती.

बांधावरची ढेकळं लागली. देवळाची तापलेली फरशी लागली. एक पाऊल तर फुगडी खेळून आलं होतं. तिला एकटीलाच हसू फुटलं.

शिरढोणच्या आप्पांचं डावं पाऊल मात्र गप्प होतं. नातीच्या लग्नाचा एक दिवस, बाकी काहीच नाही. आपलंच माप चुकलं असणार, असं तिला वाटलं. तिने लगेच फोन लावला.

"आप्पा, पाऊल टोचतंय का? खरं सांगा."

"छे हो ताई, झकास बसतंय."

"मग घालत का नाही?"

"नवं हाय ते. रोज घालून कशाला झिजवायचं? घरात कुबडी हाय की. ते कपाटात ठेवलंय, धाकटीच्या लग्नाला काढणार."

वैजयंताने कपाळाला हात लावला. "आप्पा, झिजवा ते. झिजलं की मी दुसरं करून देईन. तेच तर माझं काम आहे."

पलीकडे कपाटाचं दार करकरलं. मोजे अजून पायांतच होते. वैजयंताने डोळे मिटले.

थोड्या वेळाने तिच्या डाव्या तळव्याला नुकताच सडा घातलेलं अंगण गार लागलं.