उभी आकृती

"माय, पुन्हा एकदा," धम्मदीपा म्हणाली.

गंगू अंगणातल्या फरशीवर पुन्हा उकिडवी बसली. मनगटांना, कोपरांना, गुडघ्यांना काळे पट्टे, आणि प्रत्येक पट्ट्यावर सुपारीएवढा लुकलुकता दिवा. उजव्या हातात विळा. समोर गवताची काडीही नव्हती, तरी तिनं डावी मूठ वळली, विळा घातला, मूठ मागं टाकली आणि एक पाऊल पुढं सरकली.

पट्टे तिची हालचाल टिपत होते, आणि लॅपटॉपवर राखाडी रंगाची एक बाई तसंच करत होती. दोन मुठी झाल्या आणि तिचे गुडघे उलटे वळले. मग ती कंबरेपर्यंत जमिनीत गेली. वर नुसतं धड राहिलं आणि हात.

सकाळपासूनची ही चौदावी खेप.

"गेली का खाली?" गंगूनं विचारलं.

"गेली."

"मी त नीट बसली होती."

"तू नीटच बसली. या मशीनलेच बसलेली बाई समजत नाही. चालली, नाचली, का बराबर धरते."

ही आकृती पुण्याच्या प्रदर्शनात भिंतीवर दिसायची होती. भिंतीवर माय निंदत जाणार, आणि तिच्यापुढं, लोकांच्या देखत, धम्मदीपा तेच निंदण स्वतःच्या अंगानं करणार. आपण कोणाच्या पोटच्या आहोत ते एकदा उघड्यावर सांगायचं, एवढंच तिच्या मनात होतं. सहा वाजेपर्यंत फाइल जायला हवी होती. सव्वाचार झाले होते.

शेजारची सपना भिंतीवरून डोकावली. "काकू, फरशीवरलं तण सरलं का नाही अजून?"

"सरत आलं," गंगू म्हणाली.

तिच्या अंगावर पांढरी साडी होती. श्रावणातली पौर्णिमा. सकाळी विहारात तिनं अष्टशील घेतलं होतं, म्हणजे दिवसभर नाच-गाणं वर्ज्य, आणि दुपारी बारानंतर पाण्याशिवाय पोटात काही नव्हतं. पट्टे बांधून घेण्याआधी तिनं लेकीला विचारलं होतं, "हा नाच-तमाशा त नोहे ना, बाई? आज मले चालत नाही." लेक म्हणाली होती, "नाही वं माय. तुझंच रोजचं काम हाये." तेव्हा तिनं हात पुढं केले होते.

फोन वाजला. पुण्याहून उत्कर्ष. प्रदर्शन त्यानंच जुळवलं होतं. धम्मदीपानं फोन स्पीकरवर टाकला.

"ती जमिनीत गेलेली फाइल चुकून आली का गं?"

"चुकून नाही. तशीच येते आहे. दुरुस्त होत नाही."

"मग बसवूच नकोस त्यांना. उभ्यानं, थोडं वाकून करू दे. आणि शेवटी सरळ उभं कर. विळा टाकून, हात पसरून. आपल्या बायका किती दिवस बसलेल्याच दाखवायच्या, सांग ना."

धम्मदीपानं फोन ठेवला. कॉलेजात हेच वाक्य तिनं दुसऱ्यांना ऐकवलं होतं.

"माय, उभी राह्य. विळा टाक, आन हात असे पसर."

"निंदताना हात कोण पसरते?"

"निंदताना नाही. शेवटी. काम झाल्यावर."

"काम झाल्यावर घरी येतो आमी. हात पसरून येऊ का?"

"दोन मिनिटांचं काम हाये, माय. काहून वाद घालून राह्यली?"

गंगूनं विळा फरशीवर ठेवला. आवाज चढवायची तिला सवय नव्हती. "बसून केलं ते माझं काम होतं, दीपा. हे उभं राहून हात पसरणं म्हणजे नाच झाला. आज नाही होत माझ्यानं. उद्या सांग, उद्या नाचीन."

"उद्या काय कामाचं? तुझ्यासाठीच करून राह्यली ना मी सारं!"

 एकेक पट्टा सोडून गंगूनं लेकीच्या हातात दिला.

धम्मदीपानं ते स्वतःच्या अंगावर बांधले. उभी राहिली. वाकल्यासारखं केलं, सरळ झाली, हात पसरले. पहिल्याच खेपेत जमलं. पडद्यावरची बाई ताठ, देखणी, कुठं म्हणून मोडली नाही.

"पाह्य," ती मायला म्हणाली.

गंगूनं पाहिलं. "चांगली हाये. पण ही तू हायेस."

"आन तू कुठं हायेस मंग?" धम्मदीपानं रागानंच जुनी फाइल उघडली. कंबरेपर्यंत जमिनीत गेलेली बाई. हात चाललेच होते, मूठ मागं, मूठ मागं.

ती फाइल पुसायला धम्मदीपानं बोट नेलं, तसं गंगूनं तिचं मनगट धरलं.

"थांब. हे खरं हाये."

"बिघाड हाये तो, माय. पाय गायब झाले तिचे."

"दुपारून असंच होते," गंगू म्हणाली. "कंबरीखाली काई राह्यतच नाही. हात तेवढे चालतात."

फोन पुन्हा वाजला. धम्मदीपानं उचलला.

"हॅलो? झालं का गं? उठल्या का आई?"

"नाही," धम्मदीपा म्हणाली.

"मग कधी उठणार?"

तिनं मायकडं पाहिलं. गंगूची नजर पडद्यावरून हलली नव्हती.

"त्याले सांग, निंदणाची धरलेली पात टोकापर्यंत पुरी झाल्याबिगर बाया उठत नसतात. मधातच उठलं का मंग पुन्हा बसता येत नाही."