झोपवलेला हात

अंथरुणात कुणाचा तरी हात होता. कुंडलिकने डाव्या हाताने तो चाचपून पाहिला. ऊबदार होता, पाच बोटं होती, कोयता धरून पडलेले घट्टेही जागच्या जागी होते. पण तो हात आपला आहे, असं काही केल्या त्याला वाटेना.

भोरच्या दवाखान्यात त्याच दिवशी सकाळी डॉक्टरांनी त्याचा उजवा खांदा उघडून मोडलेलं हाड बसवलं होतं. भाताच्या रोपांसाठी शेतात राब भाजायला ऐनाच्या फांद्या तोडता तोडता तो झाडावरून थेट खांद्यावरच आला होता. आता खांदा पट्ट्यांनी छातीशी आवळून बांधलेला आणि कोपराच्या पुढचा हात तेवढा उघडा. दुखत कुठेच नव्हतं. भीती त्याचीच वाटत होती.

"मानेपाशी सुई मारून हाताची शीर झोपवलीय," कंपाउंडर फारूक मघाशी सांगून गेला होता. "दिवस कलला की आपसूक उठंल. तवर दुखायचं न्हाई. मजेत पडा."

मजेत म्हणे! हिर्डोशीच्या डोंगरात उजव्या हाताशिवाय गड्याला कोण विचारतो? कुंडलिकने बोटांना हलायला सांगितलं. बोटं ढिम्म. दात-ओठ खाऊन पुन्हा सांगितलं. कपाळाला घाम फुटला, पण करंगळीसुद्धा हलली नाही.

पायगतीला बसलेली त्याची आई, धोंडाबाई, हे सगळं बघत होती. हिर्डोशीत कुणाची कंबर धरो, कुणाचा गुडघा आखडो, बिब्ब्याचा डाग द्यावा तो तिनेच. बिब्बा दाभणाला टोचायचा, दिव्यावर तापवायचा आणि धरल्या जागी टेकवायचा. भला दांडगा गडीही कोकलत उठून बसायचा, आणि धोंडाबाई विचारायची, "उठला न्हवं?"

तिने पदराची गाठ सोडून बिब्बा काढला.

"आये, नगं. फारूकभाऊ म्हणलं न्हवं का, उठंल म्हणून."

"तुज्या बाच्या हातावरनं वारं गेलं, तवा वैदबी म्हणला हुता, उठंल. म्या वाट बघत बसले. उठला का?"

कुंडलिकने हात मागे घ्यावा तर तो ऐकत नव्हता. आणि खरं सांगायचं तर, त्याचाही फारूकच्या सुईपेक्षा आईच्या दाभणावर जास्त विश्वास होता.

धोंडाबाईने पदराआड चिमणी पेटवली. बिब्ब्याचं तेल चरचरलं. कुंडलिकने डोळे मिटून दात आवळले आणि वाट बघितली. काहीच झालं नाही. डोळे उघडले तर मनगटाच्या वर कातडी भाजून काळी पडली होती, वासही येत होता. शेजारच्या घरात भाकरी करपावी, तसा.

"लागलं?"

"न्हाई."

तिने दुसरा डाग दिला, मग तिसरा. "आता?" कुंडलिकने मान हलवली. पाचव्या डागानंतर तिने दाभण खाली ठेवलं. आपल्या हातचा डाग न लागलेला माणूस तिने आजवर एकच पाहिला होता, कुंडलिकचा बाप.

तिने चिमणी फुंकली, भाजलेल्या हातावर चादर ओढली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.  उठून गावाकडे पळत सुटावं असं कुंडलिकला वाटलं. पण पळायचं तरी हाच हात संगती घेऊन पळायला हवं होतं.

खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं, तेव्हा त्याच्या बोटांच्या टोकाला मुंग्या आल्या. मग तळव्याला आल्या. आणि मग हातावर पाच निखारे एकदम पेटले.

"आये गं!"

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा दचकून उठून बसला. पाठोपाठ खांदाही जागा झाला, हाडात कुणी कोयता पिळत असल्यासारखा. कुंडलिकच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता. चादरीखाली मधलं बोट हललं होतं.

"उठला! माज्या डागानं उठला!" धोंडाबाईने आधी म्हाताऱ्याला सांगितलं, मग त्याच्या पलीकडच्याला, मग दारात झाडू घेऊन उभ्या असलेल्या बाईला. तिला आनंदाने रडू फुटलं.

ओरडा ऐकून फारूक धावत आला. कुंडलिकचा घामाने डबडबलेला चेहरा बघून तो समजला.

"खांदा ठणकतोय न्हवं? ठणकणारच. डाक्टर अजून हितंच हाईत. म्हणाल तर आणखी एक सुई मारतील. हात पुन्यांदा झोपंल, पर सकाळपतुर तुमीबी निवांत झोपाल."

कुंडलिकचा सगळा जीव त्या सुईत अडकला. 'व्हय' अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात त्याची नजर आईकडे गेली. तिचं रडू थांबलं होतं.

"पुन्यांदा झोपंल?" ती पुटपुटली आणि पदराची गाठ चाचपू लागली.

"सुई नगं," कुंडलिक म्हणाला. "सोसतो म्या."

"लई धीराचा गडी," फारूक म्हणाला आणि निघून गेला.

कुंडलिकने डाव्या हाताने चादर बाजूला सारली आणि आईला दिसेल अशी बोटं हलवली. बोटागणिक खांद्यातून कळ निघून मस्तकात जात होती. जरा थांबलं की धोंडाबाईचा हात गाठीकडे जायचा. तो पुन्हा बोटं हलवायचा.