परवानगीची फ्रिक्वेन्सी

मेव्हण्याने परदेशातून पाठवलेलं रिमोटचं विमान तोरस्करांनी दोन वर्षं उडवलंच नव्हतं. त्या रिमोटच्या फ्रिक्वेन्सीला आपल्याकडे परवानगी नव्हती.

आज नियमात बसणारा रिमोट-रिसीव्हरचा नवा सेट आला. तोरस्कर तो विमानात जोडत असताना पत्नी हसत म्हणाली, “एवढ्याशा खेळण्याने कुणाचं काय बिघडणार होतं हो?”

पोलीस वायरलेसमधून निवृत्त झालेल्या तोरस्करांचा हात थांबला.

“महापुरात एक हवालदार छपरावर अडकलेल्यांसाठी वायरलेसवर होडी मागत होता. मध्येच कुणाच्या तरी बेकायदा वायरलेसची बडबड घुसली. गावाचं नाव मला ऐकूच आलं नाही. होडी पोचली तेव्हा छपरावर कुणी नव्हतं.”

एवढ्या वर्षांत हे त्यांनी प्रथमच सांगितलं.

मैदानावर तिने विमान दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाली, “फ्रिक्वेन्सी पुन्हा एकदा बघा. मग सोडते.”