सातवं कलम

सातवं कलम आलं की चौगुले अण्णांच्या मनगटावरच्या पट्ट्यातला दिवा लाल व्हायचा. ग्राहकाला कलम खरोखर कळलं तरच तो हिरवा होई आणि हिरव्याशिवाय कोणत्याच करारावर सही चालत नसे.

"थांबा अण्णा, अजून सोपं करते," कल्याणी म्हणाली. कंपनीचे करार सोपे करणं हेच तिचं काम. 'मृत व्यक्तीचे ध्वनी-प्रतिरूप' खोडून तिने 'यंत्राने बनवलेला आवाज' लिहिलं होतं. तरी दिवा लालच.

"अगं, कळतंय मला! आमची सुलू रोज फोनवर बोलणार. कुठं करू सही?"

काचेपलीकडून साहेब घाईच्या खुणा करत होते. याहून सोपं लिहिलं तर ग्राहक हातचा जाईल, हे कल्याणीला ठाऊक होतं. तरी तिने लिहिलं आणि वाचून दाखवलं.

"हा आवाज तुम्हाला 'अहो' म्हणेल. पण पलीकडे हाक मारणारं कुणी नसेल."

दिवा हिरवा झाला.

अण्णा त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पट्टा सोडून टेबलावर ठेवला.

"तेरावं झालं, वर्षश्राद्धही झालं," ते म्हणाले, "पण ती गेली हे मला आत्ता कळलं बघ, पोरी. सही नको. घरी जाऊन जरा रडतो."