उजवी पाकळी

गजराबाईंनी कण्हेरीच्या दोन पाकळ्या ओल्या करून चित्राला चिकटवल्या. एक उजवीकडे, एक डावीकडे. मग तापाने फणफणलेल्या नातवाला मांडीवर घट्ट धरून फरशीवर बसल्या.

चित्र भिंतभर होतं. मोठा शेंदरी गोल, बाकी काहीच नाही. येडगावच्या धरणाजवळ एका चित्रकाराने फक्त स्वतःच्या चित्रांसाठी हे संग्रहालय बांधलं होतं. शहरातलं फारसं कुणी फिरकत नसे. गावातल्या बायका मात्र चपला बाहेर काढून आत येत.

"आत्या, उठा ना," निर्मला सासूला म्हणाली. "सकाळी आकडी आली होती त्याला. डॉक्टर नारायणगावात आहे, इथं नाही."

"कौल मिळू दे. उजवी पडली का लगीच निघू."

"आणि डावी पडली तर?"

"मंग न्यायचं न्हाई."

बाहेर जीपवाल्या गोरखने हॉर्न दाबला.

निर्मला बाळाला उचलायला वाकली. सासूचे हात सुटेनात. ओढाताणीत बाळ कण्हलं, तशी तीच मागे सरली. रंगाचे थर जाड होते. पाकळ्या त्यांना चिकटून बसल्या होत्या. डावीचं टोक सुटून थरथरायला लागलं.

"हे काय चाललंय?" दारात चित्रकार उभे होते.

"काका, तुम्ही तरी सांगा! म्हणावं, हा देव नाही. माझं ऐकत नाहीत त्या. चित्र तुम्हीच काढलंय ना?"

"त्यांनी कशाचं काढलंय? त्यांच्या हातून निघालं," गजराबाई म्हणाल्या. "डोळं न्हाईत, तोंड न्हाई. तरी बघतोय का न्हाई आपल्याकडं?"

चित्रकार म्हातारीकडे बघतच राहिले. जागचे हलेनात.

बाळाची मान मागे कलली.

"काका!"

ते पुढे झाले. दोन्ही पाकळ्या त्यांनी स्वतःच्या हाताने ओढून काढल्या.

"बाई, इथं कौल मिळत नाही. यात कुणी नाही. नुसता रंग आहे."

गजराबाईंचे हात सैल पडले. निर्मलाने बाळ ओढून घेतलं आणि अनवाणीच जीपकडे पळत सुटली.

म्हातारी फरशीला हात टेकून उठली. तिने गोलाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"मंग पावणं, एवढं घर बांधलं कुनासाठी?"