रिकामा खिळा

बसा जरा, एका खिळ्याची गोष्ट सांगतो. लांबण लावत नाही.

कम्प्युटर दुरुस्त करणारे एक काका आहेत. त्यांच्या दुकानात भिंतीवर खिळे ठोकलेत, एकेका कंपनीचा एकेक. विकलेला मदरबोर्ड मेला की काका त्यावर तारीख टाकतात आणि त्या कंपनीच्या खिळ्याला अडकवतात. गिऱ्हाइकाने डोळ्यांनी बघावं आणि काय ते ठरवावं. तेव्हा एका खिळ्याला सतरा लटकले होते, एकाला पाच. कडेचा एक रिकामा.

एके दिवशी एक मुलगी आली, हातात बंद पडलेला बोर्ड, पिशवीत त्याच मशीनची डिस्क. वर्षभरातला दुसरा. मागे दारात, चाकांच्या खुर्चीत, तिचा भाऊ. आजारात त्याची वाचा गेलेली. एका बोटाने तो कम्प्युटरवर टाइप करतो आणि मशीन त्याच्यासाठी बोलतं. चार दिवस मशीन बंद, म्हणजे तोही बंद.

"दोन्ही वेळेला तुमच्या शब्दावर घेतला, काका."

आवाज चढवला नाही तिने, म्हणून जास्तच लागलं. मग रिकाम्या खिळ्याकडे बोट केलं. याच कंपनीचा द्या म्हणाली, याचा एकही मेलेला दिसत नाही.

त्या कंपनीचा माणूस परवाच नव्याकोऱ्या बोर्डाचा एक डबा फळीवर ठेवून गेला होता. काकांचा हात डब्यापर्यंत गेला. तिथेच थांबला.

"मेला नाही म्हणून रिकामा नाही, पोरी. मी विकलाच नाही म्हणून रिकामा आहे. या कंपनीचा एकच बोर्ड मला ठाऊक. माझ्या टेबलाखाली चौदा वर्षं चालतोय. त्याची खात्री देतो. डब्यातल्याची कुठल्या तोंडाने देऊ?"

"मग मी याला काय सांगू?" तिने भावाकडे पाहिलंसुद्धा नाही.

काका गुडघा धरून खाली वाकले. स्वतःच्या मशीनच्या वायरी काढल्या, धूळ फुंकली, भावाच्या बोलण्याचा प्रोग्राम असलेली तिची डिस्क आत बसवली. ती नको नको म्हणत राहिली, काकांनी कानाआड केलं. पडदा उजळला. भावाचं बोट सावकाश हललं आणि मशीन आपल्या सपाट आवाजात म्हणालं,

"ताई, चार दिवस तू एकटीच बोलत होतीस."

तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

तिचा मेलेला बोर्ड सतरांच्या खाली अठरावा म्हणून लटकला. काकांचं मशीन तिच्या घरी गेलं, टेबलाखाली धुळीत नुसता चौकोन उरलाय. कडेचा खिळा अजून रिकामाच आहे. सकाळी शटर वर केलं की काका आधी तिकडे बघतात, मग दिवा लावतात.

कधी गेलात त्या दुकानात, तर माझं एवढं ऐका. मोकळा दिसतो म्हणून त्या खिळ्याला पिशवी अडकवू नका.